संकेतस्थळाच्या पोटातली जेक्वेरी: जुनी का काढली, नवी कशी बसवली



मंडळाच्या जमाखर्चात यंदा ‘संकेतस्थळ देखभाल’ असे एक नवे शीर्ष दिसेल. त्यावर बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला आहे: साइट उघडते, गणेशोत्सवाचे फोटो दिसतात, सभागृहाचे बुकिंगही होते, मग दुरुस्ती कशाची केली? प्रश्न रास्त आहे. वर्गणीतला पैसा कशावर गेला, हे सभासदाला सोप्या भाषेत कळलेच पाहिजे. संकेतस्थळ समितीत आम्ही चौघे आहोत. त्यातले तिघे निवृत्त, आणि संगणकाची पदवी कोणाकडेच नाही. आम्हाला जे एकेक करून समजून घ्यावे लागले, तेच इथे क्रमाने मांडतो.

थोडक्यात सांगायचे तर, आपली साइट वर्डप्रेस नावाच्या सांगाड्यावर उभी आहे. त्या सांगाड्याबरोबर ‘जेक्वेरी’ नावाचा एक भाग येतो. आपल्याकडचा तो भाग फार जुना झाला होता, तो बदलला. आता जरा सविस्तर.

जेक्वेरी म्हणजे काय?

कोणत्याही वेबपानाचे तीन थर असतात. पहिला मजकुराचा, दुसरा रंगरूपाचा आणि तिसरा हालचालीचा. बुकिंगच्या अर्जात तारखेच्या चौकटीवर बोट ठेवले की कॅलेंडर उघडते, फोटो एकामागून एक सरकतात, मोबाइल नंबरचा एक आकडा राहिला तर अर्ज लाल होतो. ही सगळी हालचाल जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असते.

वीस वर्षांपूर्वी अडचण अशी होती की इंटरनेट एक्सप्लोरर, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर या भाषेचा अर्थ थोडा थोडा वेगळा लावत. एकच काम प्रत्येकासाठी निराळ्या तऱ्हेने लिहावे लागे. जानेवारी २००६ मध्ये जॉन रेसिग या अमेरिकन तरुणाने न्यूयॉर्कमधल्या एका मेळाव्यात जेक्वेरी लोकांसमोर ठेवली. हा जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला तयार सूचनांचा संच आहे. आपण जेक्वेरीला एकदा सांगायचे, पुढे कोणत्या ब्राउझरशी कसे बोलायचे ते ती पाहून घेते. इंदुरात आपली नातवंडे आजीशी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि शाळेत इंग्रजीत बोलतात, निरोप मात्र तोच असतो. तसेच काहीसे हे काम. दहा-बारा ओळींचा कोड एका ओळीत येऊ लागला आणि जेक्वेरी जगभर पसरली.

एकाने आणायची, सर्वांनी वापरायची

वर्डप्रेसची सुरुवात २००३ मधली. आज जगातल्या साधारण चाळीस टक्के संकेतस्थळांखाली तेच आहे. वर्डप्रेसवर साइट करताना दोन गोष्टी वरून जोडतात. साइटचे रूप ठरवणारी ती थीम, आणि बुकिंग, फोटो, अर्ज अशी एकेक सोय देणारे ते प्लगइन. हे सगळे निरनिराळ्या लोकांनी केलेले असते. प्रत्येकाने आपापली जेक्वेरी आणली तर एका पानावर चार-पाच प्रती येतील आणि एकमेकींच्या पायात पाय घालतील. म्हणून वर्डप्रेस स्वतःच एक जेक्वेरी बरोबर देते. थीमने आणि प्लगइनने फक्त ‘जेक्वेरी हवी’ एवढे सांगायचे, वर्डप्रेसकडे जी असेल ती मिळते. हीच ‘डिफॉल्ट’, म्हणजे न सांगता मिळणारी आवृत्ती.

सोय मोठी, पण तिच्याबरोबर जबाबदारीही येते. मुख्य कार्यालयाने एक छापील फॉर्म बदलला की प्रत्येक शाखेतले काम बदलते. तसेच वर्डप्रेसने डिफॉल्ट बदलली की तिच्यावर टेकलेले प्रत्येक प्लगइन हलते. म्हणूनच जेक्वेरी ३.० जून २०१६ मध्ये येऊनही वर्डप्रेसने २०२० संपत येईपर्यंत १.१२.४ हीच आवृत्ती ठेवली. त्या आवृत्तीवर असंख्य थीम आणि प्लगइन उभे होते. कित्येकांचे कर्ते ते काम सोडून गेले होते. कोणाचे काय मोडेल, हे सांगणारे कोणी नव्हते.

चालते आहे, मग का बदलायचे?

पहिले कारण असे की तीन क्रमांकाची मालिका आल्यावर एक क्रमांकाच्या मालिकेची दुरुस्ती मूळ कर्त्यांनी थांबवली. एखादा दोष सापडला तर तो नव्या आवृत्तीत दुरुस्त होणार, जुन्या आवृत्तीला कोणी वाली नाही. २०१९ मध्ये अशा एका दोषासाठी वर्डप्रेसला आपल्याकडच्या जुन्या जेक्वेरीला स्वतःच ठिगळ लावावे लागले.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरी ३.५.० आली. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत, अगदी सुरुवातीच्या काही सोडल्या तर, एक दोष होता. बाहेरच्या माणसाने अर्जात किंवा अभिप्रायात लिहिलेला मजकूर पानावर दाखवण्याआधी चांगली साइट तो तपासते आणि त्यात लपवलेला कोड काढून टाकते. मग तो स्वच्छ मजकूर जेक्वेरीकडे जातो. जुन्या जेक्वेरीला मात्र एक सवय होती. पानावर ठेवताना ती मजकुरातल्या खुणा स्वतःहून ‘नीट’ करी, आखूड लिहिलेली खूण पूर्ण करून टाकी. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नसे. पण एखाद्याने मुद्दाम असा मजकूर रचला की तपासणीत तो निरुपद्रवी दिसावा आणि जेक्वेरीने ‘नीट’ केल्यावर त्याची चालती आज्ञा व्हावी, तर घात होई.

बँकेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. अधिकाऱ्याने तपासून सही केलेल्या व्हाउचरवर नंतर कोणी चांगल्या हेतूनेही खाडाखोड करायची नसते. ती झाली की आधीच्या तपासणीला अर्थ उरत नाही. ३.५.० ने ही सवयच काढून टाकली. आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे जाऊ लागला.

‘आपल्या छोट्या मंडळाकडे चोरण्यासारखे काय आहे?’ असेही विचारले गेले. त्याचे उत्तर प्रत्येक घराने ऐकावे असे आम्हाला वाटते. आपल्या साइटच्या आतल्या भागात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची यादी आहे. तिच्यात पत्ता, फोन आणि अडीअडचणीला कोणाला कळवायचे याची नोंद आहे. शारदोत्सवातल्या स्पर्धांसाठी भरलेले मुलांचे अर्ज आहेत, त्यांत नाव, वय, शाळा आणि पालकांचा नंबर आहे. असा घातक कोड पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. पान उघडणारा साइटचा व्यवस्थापक असेल आणि लॉगिन चालू असेल, तर त्याला जे दिसते ते त्या कोडलाही दिसू शकते. आपल्याकडे असे काही घडल्याचे आढळलेले नाही. पण एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता कोणाच्या हाती पडल्यावर दुरुस्ती करून काय उपयोग?

मग एका दिवसात का बदलत नाहीत?

आवृत्तीच्या क्रमांकात तीन आकडे असतात. शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, मधला बदलला तर नवी भर, आणि पहिला बदलला तर समजायचे की काही जुन्या गोष्टी काढून टाकल्या आहेत. १.१२.४ वरून ३.५.१ वर जाणे म्हणजे पहिला आकडाच दोन पायऱ्या पुढे गेला.

काय काढले, याची उदाहरणे पाहा. एखाद्या यादीत किती वस्तू आहेत हे विचारायला पूर्वी ‘साइज’ हा शब्द होता. ३.० मध्ये तो गेला, आता ‘लेंग्थ’ म्हणायचे. पान पूर्ण उतरल्यावर अमुक करा, हे सांगायला ‘लोड’ वापरत. त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ होता, दिलेल्या पत्त्यावरून मजकूर आणा. ३.० मध्ये पहिला अर्थ गेला आणि दुसरा तेवढा राहिला. त्यामुळे जुना कोड नव्या जेक्वेरीसमोर ‘लोड’ म्हणतो तेव्हा ती पुढच्या सूचनेलाच पत्ता समजते, तो पत्ता वाचता येत नाही आणि ती तिथेच थांबते.

तीच तर मोठी अडचण. जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये अशी एक चूक वर आली की सहसा त्या फाइलमधले पुढचे कामही अडते. फोटो सरकवणारा कोड आणि बुकिंगचा कोड एकाच फाइलमध्ये असेल, तर फोटोंच्या चुकीने बुकिंग बंद पडते. पाहणाऱ्याला त्या दोहोंचा संबंधच कळत नाही.

म्हणून जुने शब्द एकदम काढत नाहीत. आधी ‘हे पुढे बंद होणार’ असे जाहीर करतात, काही काळ दोन्ही चालू ठेवतात, मग काढतात. धनादेशांच्या बाबतीत आपण सर्वांनी हे अनुभवले आहे. रिझर्व्ह बँकेने सीटीएस-२०१० हा धनादेशाचा नवा नमुना आणला, तेव्हा जुने धनादेश लगेच रद्दी झाले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे क्लिअरिंग ठेवले, त्याचे दिवस हळूहळू कमी केले आणि ३१ डिसेंबर २०१८ पासून ते बंद केले. ज्यांनी सूचना वाचून वेळेत नवे पुस्तक घेतले त्यांना काही त्रास झाला नाही. शेवटपर्यंत कपाटात जुने पुस्तक ठेवणाऱ्यांची धावपळ झाली.

मदतनीस आणि सस्पेन्स खाते

या मधल्या काळासाठी जेक्वेरीच्या कर्त्यांनीच ‘जेक्वेरी मायग्रेट’ नावाचा मदतनीस दिला आहे. काढून टाकलेले जुने शब्द तो पुन्हा चालवून देतो. त्याची दोन रूपे असतात. एक बोलके, ‘अमुक ठिकाणी जुना शब्द वापरला आहे’ अशी सूचना देणारे, हे कोड लिहिणाऱ्यांसाठी. दुसरे मुके, काम निमूट चालवून घेणारे, हे चालू साइटसाठी.

आम्हाला यात बँकेतले सस्पेन्स खाते दिसले. संध्याकाळी एखादी नोंद जुळेना, तर ती तात्पुरती सस्पेन्समध्ये टाकून दिवसाचा हिशेब मिटवता येतो. सोय चांगली, पण ती नोंद उद्या-परवा शोधून काढलीच पाहिजे. वर्षानुवर्षे नोंदी तिथेच पडून राहिल्या तर ताळेबंद जुळलेला दिसतो आणि आतली गडबड कोणालाच ठाऊक नसते.

वर्डप्रेसला २०२० मध्ये नेमका हाच अनुभव आला. बदल तीन टप्प्यांत ठरला होता. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीत जुना मदतनीस काढायचा, डिसेंबरच्या ५.६ आवृत्तीत नवी जेक्वेरी आणि नवा मदतनीस आणायचा, आणि त्यानंतर तो मदतनीसही काढायचा. जेक्वेरी तीच ठेवून फक्त मदतनीस काढण्याचा पहिला टप्पा त्यातल्या त्यात सौम्य म्हणायचा. पण अनेक साइट्सचे मेनू उघडेनात, फोटो सरकेनात. आपण मदतनिसावर टेकून आहोत हे त्या साइट्सना माहीतच नव्हते, कारण मुका मदतनीस कधी बोललाच नव्हता. वर्डप्रेसच्या मंडळींनी मग तो परत चालू करणारे एक तात्पुरते प्लगइन दिले. डिसेंबरमध्ये ५.६ बरोबर जेक्वेरी ३.५.१ आली. तिसरा टप्पा मात्र लांबला. २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीत जेक्वेरी ३.७.१ आली, तेव्हाही मदतनीस जोडीला होताच.

आपल्या साइटचे काय केले?

आपली साइट ५.५ च्या आधीच्या आवृत्तीवर थांबलेली होती. तिचे काम आम्ही एका ओळखीच्या तरुण तंत्रज्ञाकडे दिले आणि तपासणी स्वतःकडे ठेवली. करणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही बँकेची शिस्त इथेही उपयोगी पडली. क्रम असा होता:

१. पूर्ण बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या जागी उघडून पाहिला. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

२. त्या बॅकअपवरून साइटची एक प्रत वेगळ्या, बाहेरच्यांना न दिसणाऱ्या पत्त्यावर उभी केली. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर.

३. थीम आणि प्लगइनची यादी केली: कोणी केले, शेवटची दुरुस्ती कधी, आणि आपण ते खरोखर वापरतो का. काही प्लगइन कोणीच वापरत नव्हते, ते आधी काढले. घर बदलताना अडगळ आधी टाकावी, तसे.

४. प्रतीवर वर्डप्रेसची नवी आवृत्ती चढवली आणि बोलका मदतनीस चालू केला. मग एकेक पान उघडून त्याच्या सूचना वहीत उतरवल्या.

५. प्रत्येक सूचनेचे मूळ शोधले. प्लगइनची नवी आवृत्ती असेल तर ती घेतली, कर्त्याने सोडून दिलेले असेल तर पर्याय बसवला, आणि आपल्याच थीममधला कोड असेल तर तो दुरुस्त करून घेतला.

६. शेवटी मदतनीस बंद करून सगळे पुन्हा तपासले. सस्पेन्स शून्य झाल्याशिवाय खाते बंद नाही.

चौथ्या पायरीवर बरेच काही हाती लागले. मुखपृष्ठावरचे सरकते फोटो जुन्या ‘लोड’वर चालत होते. बुकिंगचे कॅलेंडर ‘साइज’ विचारत होते, आणि त्याच्या कर्त्याने ते केव्हाच सोडून दिले होते. या दोहोंचा कोड थीमच्या एकाच फाइलमध्ये एकत्र केलेला होता. वर्डप्रेसची नवी आवृत्ती विचार न करता चढवली असती आणि पुढे कधी मदतनीस गेला असता, तर फोटोंबरोबर बुकिंगही बंद पडले असते. लग्नसराईत हे कळले असते तर ऑफिसातला फोन थांबला नसता.

प्रतीवर सारे ठीक झाल्यावरही आम्ही घाई केली नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रे आली, तेव्हा काही काळ हाताचे लेजर आणि यंत्राचे लेजर दोन्ही चालत आणि संध्याकाळी शिल्लक ताडून पाहत. त्याच धर्तीवर आम्ही पंधरा दिवस जुनी साइट आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून रोज तीच कामे दोन्हीकडे केली: एक बुकिंग, एक अर्ज, एक फोटोसंच. तपासणीला मुद्दाम वेगवेगळी माणसे घेतली. सत्तरी ओलांडलेल्या काकू आपल्या जुन्या मोबाइलवर, एक दुकानदार सभासद दुकानातल्या संगणकावर, आणि कॉलेजात जाणारी दोन मुले आपल्या फोनवर. कॅलेंडरचे बाण जुन्या मोबाइलवर बोटाला सापडत नाहीत, हे काकूंनीच दाखवले. ते दुरुस्त झाले. मग बुकिंग नसलेला मधला वार निवडून नवी साइट चालू केली.

पुढे काय?

हे काम एकदाच करून संपणारे नाही. जेक्वेरी ४.० ची चाचणी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, आणि आधी ‘बंद होणार’ म्हणून सांगितलेले आणखी काही शब्द तिच्यात काढले आहेत. वर्डप्रेस आज ना उद्या पुढच्या आवृत्तीकडे जाईल. दुसरीकडे, आजचे ब्राउझर बरेचसे एकसारखे बोलू लागल्याने जेक्वेरीशिवायही पुष्कळ कामे होतात. ‘रुबी ऑन रेल्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध सांगाड्याने २०११ मध्ये जेक्वेरी डिफॉल्ट केली होती आणि २०१७ मध्ये ती डिफॉल्टमधून काढली. म्हणून यापुढे आपल्या साइटवर नवी सोय घेताना, तिला जेक्वेरी खरोखर लागते का, हे आम्ही आधी विचारणार आहोत.

समितीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, सगळ्या प्लगइनची नोंदवही मंडळाच्या ऑफिसात राहील आणि नोंदीशिवाय नवे काही बसवले जाणार नाही. दोन, वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या आणि दिवाळीच्या आधी, प्रतीवर तपासणी होईल. गणेशोत्सवाच्या दिवसांत कोणताही बदल नाही. तीन, ज्येष्ठांची यादी आणि मुलांचे अर्ज गरजेपुरतेच साइटवर राहतील. स्पर्धा संपल्यावर मुलांचे अर्ज पुसले जातील, कारण जे ठेवलेलेच नाही ते चोरीला जात नाही.

सभासदांकडून दोन अपेक्षा आहेत. साइटवर एखादे बटण चालत नसेल तर ‘आपल्याच फोनचे काहीतरी’ म्हणून सोडून देऊ नका. कोणते पान, कोणता फोन आणि काय केल्यावर अडले, एवढे ऑफिसात कळवा. दुसरे, घरातल्या मुला-मुलींपैकी कोणाला या कामात रस असेल तर त्यांना आमच्याकडे पाठवा. तरुण मुले शिकून पुण्याला, बंगळूरला जातात हे आम्ही जाणतो, म्हणूनच नोंदवही अशी लिहिली आहे की नव्या माणसाला पहिल्या पानापासून काम समजेल. पुढच्या तपासणीच्या दिवशी रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या वाचनालयात बसू. पोहे आहेतच. ज्यांचा फोन सर्वांत जुना असेल त्यांनी तर जरूर यावे, कारण खरी परीक्षा त्यावरच होते.



— संकेतस्थळ समितीच्या वतीने